‘यारेख’ म्हणजे मांडी, जांघ, खुबा की आणखी काही?

तुमचे प्रश्न तीन आहेत, आधी ते मांडतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. एक, बायबलातल्या उत्पत्ती २४ मध्ये अब्राहाम आपल्या सेवकाला ‘माझ्या मांडीखाली हात ठेव’ म्हणतो ते काय प्रकरण आहे आणि व्हिडिओवाले छातीठोकपणे सांगतात तसं तिथल्या ‘यारेख’ या हिब्रू शब्दाचा ‘खरा अर्थ’ गुप्तांग असा आहे का. दोन, तसं असेल तर उत्पत्ती ३२ मध्ये याकोब रात्रभर एका अनोळखी पुरुषाशी झोंबतो त्यात त्याला नक्की कुठे लागलं. आणि तीन, स्तोत्र १२८ मध्ये जुन्या इंग्रजी बायबलात बायको ‘घराच्या बाजूंना’ द्राक्षवेलीसारखी आहे असं का छापलंय, तिथे म्हणे हाच शब्द आहे.

मी गेली बरीच वर्षं बायबलची हिब्रू शिकवतोय आणि पहिला प्रश्न दर बॅचला कोणीतरी काढतोच, बहुतेक वेळा मागच्या बाकावरून आणि हसू दाबत. थोडक्यात उत्तर हवं असेल तर, नाही, ‘यारेख’ म्हणजे गुप्तांग नव्हे. यारेख म्हणजे कमरेच्या खाली खुब्यापासून मांडीपर्यंतचा तो सगळा जाड, मांसल, वजन पेलणारा भाग, आणि एखाद्या वाक्यात त्यातला नेमका कुठला भाग आणि कुठल्या अर्थाने, हे त्याच्या आजूबाजूला कुठलं क्रियापद आणि कुठलं अव्यय आलंय त्यावर ठरतं. डिक्शनरीत पाच अर्थ दिसले की आपल्याला आवडेल तो उचलायचा आणि सगळीकडे चिकटवायचा हा जो प्रकार चालतो ना, तिथेच सगळा घोळ होतो.

आता सविस्तर. शब्दाचं कूळ बघा. अरबीत याचा भाऊ आहे ‘वरिक’, म्हणजे खुबा, कुल्ल्याचा भाग. अक्कादीत (जुन्या मेसोपोटेमियाची भाषा) ‘वरकतु’, म्हणजे मागची बाजू, पाठीमागचा भाग. सुरुवातीचा व हिब्रूत य होतो, हे अशा बऱ्याच शब्दांत दिसतं. म्हणजे मुळात कल्पना अशी की शरीराचा मागचा-बाजूचा, खालचा, भक्कम भाग. हे डोक्यात ठेवा, शेवटच्या प्रश्नाला उपयोगी पडेल.

इथे आपल्या मराठी वाचकांची एक वेगळीच गडबड होते. आपली ‘मांडी’ दोन कामं करते, ती अवयव पण आहे आणि बसल्यावर तयार होणारी जागा पण. मूल मांडीवर घेतो, दत्तक मांडीवर देतो, आणि मांडी घालून बसतो. हिब्रूत मूल यारेखवर कोणी घेत नाही! त्यासाठी गुडघे हा शब्द आहे, ‘बिर्कायिम’. राहेल म्हणते माझी दासी माझ्या गुडघ्यांवर प्रसवेल (उत्पत्ती ३०), योसेफाची पतवंडं त्याच्या गुडघ्यांवर जन्मतात (उत्पत्ती ५०), आपल्या दत्तकाच्या ‘मांडीवर घेणे’ शी नातं जोडायचंच असेल तर त्या गुडघ्यांशी जोडा. उलट आपल्याकडे जांघ म्हटलं की ‘जांघेत गाठ आली’ वाली जागा डोळ्यांसमोर येते आणि खुबा म्हटलं की म्हाताऱ्या माणसांचं पडणं. यारेख या तिन्हींवर थोडा थोडा पसरलेला आहे आणि एकावरही नीट बसत नाही. म्हणून मराठी भाषांतरात एकाच हिब्रू शब्दाला वेगवेगळे शब्द दिसले तर भाषांतरकारावर चिडू नका, त्याला दुसरा इलाज नसतो. आजच्या हिब्रूतही हेच चालू आहे, मांडीचं हाड म्हणजे यारेखचं हाड आणि खुब्याचा सांधा म्हणजे पण यारेखचाच सांधा. अश्दोदला राहणाऱ्या एखाद्या बेने इस्राएली आजींचा खुबा बदलायचा असेल तर हॉस्पिटलच्या कागदावर जो शब्द येईल तोच उत्पत्तीत याकोबासाठी आलाय, घरी त्या ‘माझा खुबा’ म्हणतील ती गोष्ट वेगळी.

सगळ्यात साधा वापर तलवारीचा. तलवार कुठे बांधायची, तर यारेखवर. निर्गम ३२ मध्ये मोशे लेव्यांना सांगतो प्रत्येकाने तलवार यारेखवर लटकवा, स्तोत्र ४५ मध्ये राजाला तेच, गीतरत्न ३ मध्ये शलमोनाच्या पालखीभोवतीचे पहारेकरी तेच. इथे कोणाला काही गुप्त दिसत नाही.

पण याच साध्या वापरावर एक अख्खी गोष्ट उभी आहे, शास्ते ३ मधली एहूदची. हा बन्यामीन वंशातला, आणि बन्यामीन या नावाचाच अर्थ उजव्या हाताचा पुत्र, आणि हा पठ्ठ्या नेमका डावखुरा. मवाबचा राजा एग्लोन, अंगाने अवाढव्य, इस्राएल लोकांकडून खंडणी घेतोय. एहूद हातभर लांबीची दुधारी तलवार करवून घेतो आणि ती अंगरख्याच्या आत ‘उजव्या यारेखवर’ बांधतो. आता नॉर्मल माणूस उजव्या हाताने तलवार उपसतो म्हणून ती डाव्या बाजूला बांधतो, म्हणजे पहारेकऱ्याची नजर डाव्या बाजूला जाणार. मजकुरात झडतीचा उल्लेख नाही, पण लेखकाने उजवी यारेख मुद्दाम सांगितलीय ती उगाच नाही. मग खंडणी पोचवून झाल्यावर एहूद परत येतो, एकांत मागतो, राजा आसनावरून उठतो, आणि एहूद ‘डावा हात’ घालून ‘उजव्या यारेखवरून’ तलवार काढतो आणि त्याच्या पोटात घालतो, मूठसुद्धा आत जाते आणि चरबी पात्यावर मिटते. अवयव इतके मोजूनमापून सांगितलेली जागा बायबलात फार कमी ठिकाणी मिळेल. इथे ‘यारेख म्हणजे गुप्तांग’ लावून बघा, गोष्टीचा पार विचका होतो.

बरं, मग गुप्तांगाचं हे कुठून आलं? ते हवेतून आलेलं नाही, तेही सांगायला हवं. उत्पत्ती ४६:२६ मध्ये याकोबाबरोबर मिसरात गेलेल्या लोकांना ‘त्याच्या यारेखमधून निघालेले’ म्हटलंय, निर्गम १:५ मध्ये तेच, एकूण ७० जीव, आणि शास्ते ८:३० मध्ये गिदोनाचे ७० मुलगे, ‘त्याच्या यारेखमधून निघालेले’. इथे क्रियापद आहे ‘यात्सा’, निघणे, बाहेर येणे. तर ‘यारेख + मधून निघणे’ एकत्र आलं की अर्थ संतती. हे मराठी माणसाला खरं तर समजावून सांगायची गरजच नाही कारण आपण बिनदिक्कत ‘दशरथाच्या पोटी राम जन्मला’ म्हणतो आणि दशरथाला पोटात गर्भाशय होतं का असं कोणी विचारत नाही. ‘पोटचा पोर’ बापाचाही असतो. आणि हिब्रू हे काम एकट्या यारेखकडून करून घेत नाही, उत्पत्ती १५:४ मध्ये अब्राहामाचा वारस त्याच्या ‘मेआयिम’ मधून म्हणजे आतड्यांतून निघणार आहे, तो तर थेट आपला पोट, आणि उत्पत्ती ३५:११ मध्ये याकोबाच्या ‘खालात्सायिम’ म्हणजे कमरेतून राजे निघणार आहेत. मग आतडी म्हणजे पण गुप्तांग का?

आता शपथ. ‘हात यारेखच्या खाली ठेवणे’ अख्ख्या बायबलात फक्त दोन प्रसंगांत येतं, उत्पत्ती २४ मध्ये अब्राहाम आणि सेवक (त्याचं नाव या अध्यायात कुठेच नाही, एलियेजर हे परंपरेने लावलेलं), आणि उत्पत्ती ४७:२९ मध्ये याकोब आणि योसेफ. दोन्हीकडे म्हातारा माणूस आहे, शेवट जवळ आलाय असं त्याला वाटतंय, आणि दोन्हीकडे मागणं घराण्याबद्दल आहे, पहिला म्हणतो माझ्या मुलाला कनानी मुलगी करू नको, दुसरा म्हणतो मला मिसरात पुरू नको. दोन्हीकडे विनंतीचा ‘ना’ हा छोटा शब्द आहे, ‘सीम ना यादखा’, ठेव ना तुझा हात. आपल्या ‘ना’ सारखाच ऐकू येतो, योगायोग आहे, पण वर्गात यामुळे वाक्य पटकन पाठ होतं.

यहुदी भाष्यकारांनी यावर दोन वाटा काढल्यात. राशी, ११व्या शतकातला फ्रान्सचा, म्हणतो की शपथ घेणाऱ्याने काहीतरी पवित्र वस्तू हातात धरायची असते, आणि अब्राहामाला मिळालेली पहिली आज्ञा सुंतेची, ती त्याने सोसून पाळली म्हणून त्याला प्रिय. एक तारगूम (बायबलचं जुनं अरामी भाषांतर) तर भाषांतरातच ‘यारेख’ काढून सुंतेची जागा असं घालतो. म्हणजे व्हिडिओवाल्यांचा मुद्दा आजचा नाही, निदान हजार वर्षं जुना आहे, फक्त त्या लोकांनी तो ‘या शपथेत हात कुठे गेला’ याबद्दल मांडला होता, ‘यारेख या शब्दाचा अर्थ काय’ याबद्दल नाही, आणि हा फरक मोठा आहे.

दुसरी वाट इब्न एझ्राची, १२व्या शतकातला, स्पेनमध्ये तुदेला इथे जन्मलेला. हा व्याकरणाचा पक्का माणूस, त्याला सुंतेचं पटत नाही. तो म्हणतो की त्या काळी ज्याच्या ताब्यात आपण आहोत त्याच्या मांडीखाली हात ठेवायची रीत होती, मालक हातावर बसलाय, म्हणजे मी तुझ्या हुकमाखाली. आणि पुढे काय लिहितो माहितीये? ही रीत अजून ‘होदू’ देशात चालते. होदू म्हणजे हिंदुस्थान! हे वाक्य पहिल्यांदा दाखवलं की वर्ग एकदम जागा होतो. त्याची भटकंती नोंदलेली आहे ती इटली, फ्रान्स, इंग्लंड अशी, पण त्याच काळात कैरो-एडनचे ज्यू व्यापारी मंगळूरपर्यंत येऊन जाऊन होते, त्यांची पत्रं कैरोच्या गनिझात (सिनेगॉगमधल्या जुन्या कागदांच्या कोठारात) सापडलीत, तेव्हा हिंदुस्थानच्या गोष्टी भूमध्य समुद्रापर्यंत पोचत होत्या, खऱ्या-खोट्या सगळ्याच. माझ्या मते ही ऐकीव गोष्ट आहे. पण त्याचा मूळ विचार मराठी कानाला पटतो, कारण आपल्याकडे बरोबरीचे लोक मांडीला मांडी लावून बसतात, एकाचा हात दुसऱ्याच्या मांडीखाली गेला की बरोबरी संपली.

माझं मत विचाराल तर मी दोन्ही थोडं थोडं घेतो. हात शरीराच्या त्या भागाखाली ठेवलाय ज्यातून वंश ‘निघतो’ असं हेच लोक बोलतात, आणि शपथही वंशाचीच आहे. याकोबाच्या बाबतीत तर हे ओळीने वाचा: अध्याय ३२ मध्ये त्याच्या यारेखवर आघात होतो, ४६ मध्ये त्याच यारेखमधून निघालेल्यांची यादी येते, आणि ४७ मध्ये मरताना तो त्याच यारेखखाली योसेफाचा हात ठेवून घेतो, जो योसेफ तेव्हा मिसरचा कारभारी आहे. हा धागा दिसतो तो मूळ शब्द एकच आहे म्हणून. भाषांतरात एकीकडे जांघ, एकीकडे वंशज आणि एकीकडे मांडी झालं की धागा तुटतो.

आता याकोबाचं. तिथे नुसतं यारेख नाही, ‘काफ-हायारेख’ आहे. काफ म्हणजे तळवा, हाताचा पंजा, चमच्यासारखी खोलगट वस्तू. यारेखचा खोलगट भाग म्हणजे बहुतेक लोक घेतात तसा खुब्याचा सांधा, जिथे हाडाचा गोळा वाटीत बसतो. जुन्या ग्रीक भाषांतराने ‘मांडीचा रुंद भाग’ असं केलंय. काही अभ्यासक इथेही गुप्तांगाचा संकेत बघतात, मला ते ओढूनताणून वाटतं, कारण त्या अध्यायाचं शेवटचं वाक्य (मराठीत ३२:३२, हिब्रू बायबलात ३२:३३, तिथे या अध्यायाचे आकडे एकने पुढे आहेत, शोधताना गोंधळू नका) सांगतं की म्हणून इस्राएल लोक आजपर्यंत काफ-हायारेखवरची ‘गीद हानाशे’ खात नाहीत. आणि ही गोष्ट खाटकाच्या पाटावर दाखवता येते, जनावराच्या मागच्या पायातून जाणारी ती जाड नस, आपण जिच्या दुखण्याला सायटिका म्हणतो. अरबी-युनानी वैद्यकात त्या दुखण्याचं नाव ‘इर्क-उन-नसा’, आणि तो ‘नसा’ आणि हिब्रू ‘नाशे’ एकच. मिश्ना या ज्यू नियमांच्या जुन्या ग्रंथात ‘खुल्लीन’ भागात एक अख्खा अध्याय या नसेवर आहे, उजव्या पायाची की डाव्या, तर दोन्ही. ती नस आणि तिच्या फांद्या काढणं इतकं किचकट काम आहे की बऱ्याच ज्यू समाजांत मागचा भाग खातच नाहीत, सरळ बाहेर विकतात. चीनमधल्या काइफेंगच्या ज्यूंना तर शेजारी ‘नस काढणाऱ्यांचा पंथ’ म्हणूनच ओळखायचे. ज्या शब्दावरून मटण साफ करायचा नियम निघतो त्याचा अर्थ शरीरावर बोट ठेवून दाखवता येईल असाच असणार, सूचक-बिचक नाही.

गणना ५ चा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण तिथे मात्र मी व्हिडिओवाल्यांना अर्धा मार्क देतो. नवऱ्याला बायकोचा संशय आलाय, पुरावा नाही, याजक तिला कडू पाणी प्यायला देतो, आणि ती दोषी असेल तर तिचं पोट फुगेल आणि ‘यारेख पडेल’. मांडी कशी पडेल? इथे क्रियापद ‘नाफाल’, पडणे, गळणे, आणि शेवटी निर्दोष बाईला मूल होईल असं वचन आहे, म्हणजे विषय सगळा गर्भधारणेचा. म्हणून इथे यारेख प्रजननाच्या अवयवांसाठी आलाय असं बरेच अभ्यासक म्हणतात, कोणी गर्भपात म्हणतं तर कोणी गर्भाशय खाली उतरणं, ज्याला आपल्याकडे बायका ‘अंग बाहेर येणं’ म्हणतात. मला हे दुसरं जास्त पटतं कारण ‘पडणे’ क्रियापद जसंच्या तसं बसतं, आणि मराठीत पण बघा, ‘अंग’ हा किती मोघम शब्द, पण ‘बाहेर येणं’ जोडलं की कोणालाही काय ते कळतं. (हा विधी पुढे योहानान बेन झक्काई या रब्बीने बंद केला असं मिश्ना सांगते, बरं झालं.)

आणि खरं आडून बोलणं बघायचं असेल तर हिब्रूत त्यासाठी ‘पाय’ हा शब्द जास्त वापरात आहे. १ शमुवेल २४ मध्ये शौल गुहेत ‘पाय झाकायला’ जातो, म्हणजे शौचाला. ते वाक्य लक्षात ठेवा, परत लागेल.

एक जागा राहिली जिथे आपल्या लोकांची हमखास फसगत होते, यिर्मया ३१:१९ आणि यहेज्केल २१:१२. तिथे ‘यारेखवर थाप मारणे’ आहे. आपल्या डोळ्यांपुढे लगेच आखाडा, शड्डू ठोकणारा पैलवान. तिथे अगदी उलटं आहे. एफ्राईम (म्हणजे उत्तरेकडचं इस्राएल) म्हणतो मला समजल्यावर मी यारेखवर थाप मारली, मला लाज वाटली. हा शोकाचा, पश्चात्तापाचा हावभाव आहे, होमरचे ग्रीक वीरही दुःखाने मांड्यांवर थापा मारतात. मराठीत याला ‘ऊर बडवणे’ किंवा ‘कपाळावर हात मारून घेणे’. एका उपदेशात मी याच वचनावरून ‘सैतानाला शड्डू ठोका’ ऐकलंय, वक्ता जोशात होता, मंडळी पण खूश होती, काय बोलणार.

वस्तूंनाही यारेख असते. निर्गम २५:३१ मध्ये सात दिव्यांच्या सोन्याच्या दीपवृक्षाची, मेनोराची यारेख, म्हणजे तिची बैठक, आणि तिच्यातून दांडा वर जातो. निवासमंडपाची उत्तरेकडची यारेख, वेदीची उत्तरेकडची यारेख, तिथे अर्थ बाजू.

इथून तुमच्या तिसऱ्या प्रश्नावर येतो. स्तोत्र १२८:३ मध्ये यारेख नाही, त्याची बहीण आहे, ‘यार्खा’, आणि ती बहुतेक द्विवचनात येते, ‘यार्कते’. तीच अक्कादी मागची बाजू. ही अवयवासाठी वापरत नाहीत, जागेसाठी वापरतात, आणि अर्थ होतो सगळ्यात आतला, सगळ्यात मागचा, टोकाचा भाग. योना १ मध्ये वादळ सुटलंय आणि योना गलबताच्या यार्कतेमध्ये म्हणजे पार तळाशी जाऊन झोपलाय, तिथे याराद (उतरला), यार्कते, वायेरादाम (गाढ झोपला) अशी ध्वनींची मस्त उतरण आहे. यशया १४ मध्ये बाबेलचा राजा उत्तरेच्या यार्कतेवर जाऊन बसीन म्हणतो आणि दोनच वचनांनंतर त्याला खड्ड्याच्या यार्कतेमध्ये टाकतात, सगळ्यात वरचं टोक आणि सगळ्यात खालचं टोक, शब्द तोच. आणि ती शौलाची गुहा, तो तिथे ‘पाय झाकायला’ गेला तेव्हा दावीद आणि त्याची माणसं कुठे बसली होती? गुहेच्या यार्कतेमध्ये, म्हणजे आत अंधारात. बाजूला बसली असती तर शौलाला दिसली नसती का?

तेव्हा जुन्या इंग्रजी भाषांतराने ‘बाजू’ हा अर्थ डिक्शनरीतून उचलला आणि द्राक्षवेल घराच्या भिंतींवर बाहेरून चढवली, आणि त्यावर ‘बायकोने नवऱ्याच्या बाजूला उभं राहावं’ अशी प्रवचनंही झाली. हिब्रूत आहे ‘बेयार्कते वेतेखा’, तुझ्या घराच्या आतल्या भागात. आमोस ६:१० मध्येही घराची यार्कते आहे, तिथे घरात आत खोल असलेल्या माणसाला बाहेरून कोणीतरी हाक मारून विचारतंय, अजून कोणी आहे का तुझ्याबरोबर. मराठीत याला शब्द शोधत बसायला नको, माजघर. मुलं ताटाभोवती जैतुनाच्या रोपांसारखी आणि बायको माजघरात द्राक्षवेलीसारखी, असं ते वचन आहे. आता बायकोने माजघरातच का असावं हा तुमच्या बायबल स्टडीत पुढचा प्रश्न येणारच, पण तो हिब्रूचा नाही, तो तुमचा तुम्ही सोडवा.